लाइन खराब आहे

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जुनी इंग्रजी डिक्शनरी घेतली. वीट असावी तशी जाड, पुठ्ठा निघालेला. घ्यायचं काही कारण नव्हतं. त्या दिवशी मी बाजारात निघाले ती फक्त घराबाहेर पडायचं म्हणून. आई जाऊन वर्ष झालं होतं. लग्न मी केलं नव्हतं. आधी दोन बहिणींची व्हायची होती, नंतर आईचं दुखणं होतं, मग कोणी विचारेनासं झालं. रिंग रोडजवळच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता मी एकटीच होते. एका संध्याकाळी लक्षात आलं, की सकाळपासून आपण फक्त दोन शब्द बोललो आहोत, 'अर्धा लिटर', आणि तेही दूधवाल्याला. जिने तीस-पस्तीस वर्षं बोलण्याचीच नोकरी केली, तिच्या घशाला असा गंज चढत होता.

मी टेलिफोनमध्ये होते. आधी ट्रंक बोर्डावर ऑपरेटर, मग तक्रार विभागात.

दुपारी ताट वाढून घेतलं की डिक्शनरी समोर उघडून ठेवायची आणि जे पान निघेल ते वाचत जेवायचं, अशी सवय लागली. एका दुपारी 'लाइन' हा शब्द निघाला. एवढासा शब्द, पण अर्थ सरता सरेनात. पान उलटलं तरी लाइनच. रेघ, ओळ, रांग, दोरी, तार, सुरकुती, घराणं, धंदा, सैन्याची फळी, मासे धरायची गळाची दोरी. जेवण गार झालं. माझी सगळी नोकरी या एका शब्दावर झाली होती आणि त्याच्या आत एवढी माणसं राहतात हे मला ठाऊक नव्हतं.

मी एक वही केली. नागपुरात हा शब्द कुठे कुठे ऐकू येतो ते लिहायला लागले. वीज गेली की आख्खी गल्ली ओरडते, 'लाइन गेली!' नळाला पाणी नसलं की मुख्य लाइन फुटलेली असते. सिव्हिल लाइन्स आहे, पोलीस लाइन आहे, आणि रेल्वेच्या लाइनीपलीकडे राहणारे लोक पत्ता सांगताना 'लाइनच्या तिकडे' एवढंच सांगतात. कोणाचा मुलगा काय करतो हे विचारायचं तर 'कोणत्या लाइनमध्ये आहे?' बिघडलेला सुधारला तर 'लाइनीवर आला'. कॉलेजातली मुलं लाइन मारतात. खालच्या मजल्यावरच्या सूनबाई ब्लाउज शिवायला देताना शिंप्याला बजावतात, 'लायनिंग टाका हो.' आणि आता तर सगळंच ऑनलाइन. पहिल्या आठवड्यात वहीची अकरा पानं भरली. निदान या निमित्ताने मी लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले.

शब्दाचं मूळ मात्र शेवटी, बारीक अक्षरांत, कंसात दिलं होतं. भिंग लावून वाचलं. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवसाचं झाड. त्याच्या खोडाचा धागा काढत, म्हणून त्या धाग्याला 'लिनेआ'. धाग्याची दोरी झाली. दोरी ताणून सुतार आणि गवंडी सरळ रेघ मारू लागले, म्हणून रेघेलाही तेच नाव पडलं. लिननचं कापड त्याच धाग्याचं, आणि कपड्याला आतून ते लावत म्हणून लायनिंग. म्हणजे ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्या जवसातून हा शब्द आला होता.

मला फार आनंद झाला. कोणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि कोणाला सांगावं याचा विचार करत मी हात न धुता तशीच बसून राहिले. बहिणी आपापल्या गावी. शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या 'असं का?' म्हणून दार लावतील. आणि मग ज्या बाईची आठवण आली, तिची मी खरं म्हणजे कित्येक वर्षं आठवण काढत नव्हते. मुद्दामच काढत नव्हते. तिच्या गावाकडे घरचा जवस होता.

तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती अकोल्याच्या ट्रंक बोर्डावर होती, मी नागपूरच्या.

तेव्हा दुसऱ्या गावी फोन करायचा तर कॉल बुक करावा लागे. गिऱ्हाईक आम्हाला नंबर सांगे, आम्ही तिकिटावर लिहून घेत असू, आणि त्या गावच्या ऑपरेटरला लाइनवर घेऊन जोडून देत असू. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, हातात दोन लाइनी जोडायची कॉर्ड. ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारत. मी 'नागपूर' आणि ती 'अकोला'. नावं सांगायची पद्धत नव्हती, आणि आम्हाला त्याची कधी गरजही पडली नाही.

मी वीस वर्षांची होते. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असावी, कारण पहिल्याच महिन्यात ती मला अगं-तुगं करायला लागली.

'नागपूर, जेवली का वं?'

'हाव. तू?'

'आज डब्यात जवसाची चटणी अन् भाकर. तुले काय?'

'पोळी अन् वांग.'

'बाप्पा, रोज वांग! तुह्या घरी दुसरं काही पिकत नाही का?'

मागून सुपरवायझर बाई येताना दिसल्या की मी एकदम 'अकोला, तीन ऑर्डिनरी घ्या' असं सुरू करायची आणि ती पलीकडून हसू दाबायची. तासाला दोन-दोन मिनिटं, असं तीन वर्षं आम्ही बोललो. मला पाहायला आलेल्या मुलाच्या काकांनी किती पोहे खाल्ले ते तिला माहीत होतं. तिच्या घरची म्हैस कधी व्यायली ते मला. माझ्या आयुष्यात त्यानंतर एवढं बोलणारं माणूस झालं नाही.

तिला एकच भाऊ होता, तिच्यापेक्षा बराच लहान. त्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि अंगातच मुरली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. वडील बरोबर आले. हिला आईजवळ थांबायला सांगून आले, आणि नोकरीत रजा तरी किती मिळणार.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, 'नागपूर, एक काम करशील?'

काम सोपं होतं आणि नियमाबाहेरचं होतं. वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर फोन होता. मी सकाळच्या ड्यूटीत जरा उसंत मिळाली की तो नंबर लावायची. 'पलंग नंबर अकराची तब्येत कशी आहे?' असं विचारायची आणि अकोल्याची लाइन मिळाली की सांगायची. आज ताप कमी आहे. आज सलाईन काढलं. आज लिंबाचं पाणी प्याला. सिस्टरही चांगली होती. तिला वाटायचं मीच बहीण आहे. मी ते कधी खोडून काढलं नाही. सात दिवस असं चाललं. सातव्या दिवशी 'आज बोलत नाही, पण ओळखतो' असं सांगितलं तेव्हा पलीकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, 'बरं. तीन ऑर्डिनरी घे.'

आठव्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी वॉर्डचा नंबर लावला. सिस्टरने माझा आवाज ओळखला आणि म्हणाली, 'बाई, तुमच्यासोबत कोणी आहे का?' मी हो म्हटलं. ती म्हणाली, 'दहा मिनिटं झाली. वडील बाहेर बसले आहेत. तुम्ही या लवकर.'

मी कॉर्ड काढली. माझ्या शेजारी, माझ्या पलीकडे मुली 'हॅलो पुणे, हॅलो जबलपूर' करत होत्या. बारा वाजता अकोल्याचा दिवा लागला.

'नागपूर, काय म्हणते वॉर्ड?'

मी म्हणाले, 'वॉर्डची लाइन खराब आहे वं. सकाळपासून लागूनच नाही राहिली.'

'दुपारी पाहशील?'

'पाहीन.'

तिने मला दोन अर्जंट दिले, मी ते जोडले. दोन वाजता ड्यूटी संपली आणि मी घरी गेले.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. कधी वाटतं, ती बोर्डावर एकटी होती, समोर दिवे लागत होते, तिथे कसं सांगायचं. घरच्या कोणीतरी जवळ बसवून सांगावं. कधी वाटतं, मागे सुपरवायझर उभ्या होत्या. ही दोन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्या खाली अजून एक आहे. मला तिचा तो आवाज ऐकायचा नव्हता जो माझं वाक्य संपल्यावर आला असता. मी घाबरले होते. आणि 'लाइन खराब आहे' हे वाक्य आम्ही दिवसातून शंभर वेळा म्हणत असू. ते आपसूक तोंडात आलं.

मे महिन्याचं ऊन होतं. वडिलांनी नागपुरातल्या एका नातेवाइकाला धरून त्याच संध्याकाळी इथेच सगळं उरकलं. तार अकोल्याला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. हे मला दोन दिवसांनी तिच्या जागी बसलेल्या दुसऱ्या मुलीकडून कळलं.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. मी ताबडतोब ओळखलं, कारण तिचा 'हॅलो' जरा ओढलेला असायचा. मी म्हटलं, 'अकोला...' आणि ती म्हणाली, 'नागपूर, दोन अर्जंट घ्या.' घे नाही, घ्या. त्यानंतर जेवली का म्हणून तिने कधी विचारलं नाही. मीही नाही. मला वाटलं, तिला कळलंय. वडिलांनी सांगितलं असेल, की सकाळीच बहिणीचा फोन आला होता असं सिस्टर म्हणत होती. दोनेक वर्षं आम्ही असंच तिकिटांचं बोलत राहिलो. मग घरबसल्या थेट नंबर फिरवायची सोय आली, ट्रंक बोर्ड ओस पडत गेला आणि एक दिवस आमची बदली तक्रार विभागात झाली. पुढची तीसेक वर्षं मी रजिस्टरमध्ये इतरांच्या तक्रारी लिहीत होते: लाइन खराब आहे. लाइन खराब आहे. लाइनमन पाठवावा.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, असं वर्षातून एकदा बँकेत जाऊन सांगायचं. आता ते मोबाइलवरही होतं म्हणतात, पण मला गेलेलं आवडतं. त्या दिवशी चार ओळखीचे चेहरे दिसतात. डिक्शनरी घेतली त्याच वर्षीची गोष्ट. मी उभी होते आणि मागून एक गृहस्थ म्हणाले, 'ताई, लाइनीतच आहात न?' वळून पाहिलं तर चेहरा अनोळखी, पण बोलता बोलता कळलं की ते आमच्याच खात्यातले, लाइनमन होते, आणि बहुतेक नोकरी अकोल्यात झालेली.

मी विचारलं नसतं. पण वही डोक्यात होती, जवस डोक्यात होता. मी म्हटलं, 'तिथे ट्रंकला एक बाई होत्या. भाऊ लहान वयात गेला त्यांचा.'

'त्या? त्या तं आता कामठीले आहेत लेकीकडे. मालक वारले न त्यांचे. आमच्या पेन्शनरच्या यादीत नंबर आहे, देऊ का?'

मी नंबर पिशवीत घालून घरी आणला आणि चार दिवस तसाच ठेवला. पाचव्या दिवशी लावला. लेकीने उचलला. मी म्हटलं, 'मी नागपूरहून बोलते. आईंना सांगा, नागपूर बोलतेय.' आत काहीतरी बोलणं झालं. लेक परत येऊन म्हणाली, 'आई फोनवर बोलत नाही हो कोणाशीच. पण घरी या म्हणते. रविवारी या.'

रविवारी मी कामठीच्या बसमध्ये बसले. छावणीचा भाग लागला तेव्हा खिडकीतून बराकी दिसल्या, एकाला एक लागून, सरळ. लाइन हा शब्द आपल्या गावांच्या नावात इथूनच आला असावा असं वाचलं होतं: शिपाई राहत ती लाइन, आणि बिगरलष्करी साहेब राहत ती सिव्हिल लाइन्स. मी ते मनातल्या मनात तिला सांगायला घोकत होते. दुसरं जे सांगायचं होतं ते घोकून येण्यासारखं नव्हतं.

घर एका मागच्या गल्लीत होतं. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू होते, त्यांचा खडखडाट सगळ्या गल्लीत भरलेला. दारात एक ठेंगणी, गोरी बाई उभी होती. माझ्या मनातली अकोला उंच आणि सावळी होती, कशावरून कोण जाणे.

ती माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाली, 'तूच का वं नागपूर? मले वाटे तू जाडी असशील.'

'काहून?'

'हसणं जाडं होतं तुहं.'

आणि आम्ही दोघी हसलो. तिचा आवाज खालावला होता, पण 'हॅलो'सारखाच ओढलेला. लेकीने भाकरी आणि जवसाची चटणी केली होती. तिनेच सांगितलं असणार. मी वही काढली आणि तिला सगळं सांगितलं: जवस, लिनम, लिनेआ, दोरी, रेघ, तार, आम्ही.

ती चटणीत तेल ओतता ओतता थांबली. 'म्हणजे आपण दोघी जन्मभर जवसाच्याच नोकरीत होतो का?'

'तसंच म्हण.'

'आमच्या वावरात पट्टा असे एक जवसाचा. निळी निळी फुलं, सकाळी पाहा, दुपारी नाही. पण धागा कोणी काढत नसे बाई. दाणा काढला का काड्या चुलीत.' मग माझ्या वहीत डोकावून म्हणाली, 'अजून काय काय निघालं?'

मी तिला डेडलाइन सांगितलं. दूरदेशी कुठे लढाईतल्या कैद्यांच्या छावणीत एक रेघ आखलेली असे, ती ओलांडली की पहारेकरी गोळी घाली, त्यावरून तो शब्द. ती म्हणाली, 'अन् माहा जावई रोज सांगते, डेडलाइन आहे, डेडलाइन आहे.' अशी जेवणभर मजा चालली. मी तशीच उठून आले असते तर.

मी म्हटलं, 'एक सांगायचं होतं. त्या दिवशी वॉर्डची लाइन खराब नव्हती.'

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी ते तिच्या हातांवर पाहिलं. ती ताटातली भाकरी मोडत होती, ते हात थांबले.

'लागला होता फोन?'

'लागला होता.'

'सिस्टरनं सांगतलं तुले?'

'हाव. तुह्याशी बोलायच्या आधी.'

माग खडखडत होते. ती म्हणाली, 'मी समजली, खरंच खराब होती.'

'मग तू माझ्याशी बोलायची बंद का झाली?'

'तुहा आवाज आला का मले वॉर्ड आठवे. पलंग नंबर अकरा आठवे. मले सहन नव्हतं होत. तुह्यावर राग नव्हता माहा. मी घरी सांगो, नागपूरनं सात दिवस माह्या भावाची खबर देली.' तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. 'दीडची गाडी होती, वं. मी बोर्डावरून उठून पळत गेली असती. सहा वाजता पोचली असती. बाबा म्हणे, दिवेलागणीपर्यंत थांबलो होतो.'

मी वही मिटून पिशवीत ठेवली.

'मंग आता काहून सांगतलं?' तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. 'मी चांगली होती न. मले माहीत नव्हतं तं मी चांगली होती.'

एवढी वर्षं मी समजत होते, की तिला माहीत आहे आणि मी तिची माफी मागायची राहिली आहे. तिला माहीतच नव्हतं. मी माझ्या छातीवरचा दगड उचलून तिच्या छातीवर ठेवला होता आणि त्यासाठी बस करून आले होते. ती उठली, ताट मोरीत ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. लेक चहा घेऊन आली, आईला हाक मारली. आई आली नाही. मी अर्धा चहा प्यायले आणि निघाले.

त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. त्याआधी मी एकटी होते ती माणसं नसल्यामुळे. आता एक माणूस होतं, बसने तासाभरावर, आणि मी त्याच्याकडे जाऊ शकत नव्हते. वही मी लिहिली नाही. संक्रांतीला खालच्या सूनबाई तिळगूळ घेऊन आल्या, 'गोड बोला' म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या.

माघात एक दिवस लेकीचा फोन आला. 'मावशी, आई म्हणते, नागपूरला तो दवाखाना दाखवशील का?'

तिला घेऊन लेक दवाखान्याच्या फाटकाशी आली आणि आम्हाला सोडून कामाला गेली. ती स्वतः नऊवारी नेसून, चांगली शाल घेऊन आली होती, जणू कोणाच्या घरी जायचं आहे. आम्ही आत शिरलो. गर्दी, स्ट्रेचर, एक्स-रेची पाकिटं घेऊन धावणारे लोक. एका चौकात तिने मला विचारलं, 'कोणत्या बाजूनं?'

'मला नाही माहीत,' मी म्हटलं. 'मी कधी आलीच नाही वं इथी. मी फक्त फोन लावत होती.'

ती माझ्याकडे बघत राहिली. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर फाटकात शिरेपर्यंत माझ्याही आलं नव्हतं. जो वॉर्ड आम्हा दोघींच्या डोक्यात एवढी वर्षं होता, तो आमच्यापैकी एकीनेही पाहिला नव्हता.

आम्ही विचारत विचारत गेलो. दोघांनी उडवून लावलं. शेवटी निवृत्तीला आलेली एक आया भेटली. ती म्हणाली, पुरुषांचा जुना वॉर्ड त्या जिन्याच्या वर होता, आता तिथे कागदपत्रांचा विभाग आहे. आम्ही कठडा धरून वर गेलो. लांब हॉल होता, उंच खिडक्या, त्यात लोखंडी कपाटं आणि कॉम्प्युटर. दारातल्या पहारेकऱ्याने विचारलं, 'कोणाला भेटायचं आहे, मावशी?'

ती म्हणाली, 'कोणाले नाही. पाहून राहिलो.'

त्याने पाहू दिलं. ती दारातूनच भिंतीकडे बोट दाखवून मोजायला लागली, एक खिडकी, दोन खिडक्या, आणि कुठेतरी थांबली. अकरावा पलंग तिथे असेल असं तिने ठरवलं असावं. मग आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसलो.

'त्याले तू माहीत होती,' ती म्हणाली.

'कोणाला?'

'माह्या भावाले. डबा घेऊन ये तो माहा एक्स्चेंजवर. एक दिवस मी त्याच्या कानाले हेडफोन लावला, तू बोलत होती तवा. पोह्याचं सांगून राहिली होती काहीतरी. तो हसला. म्हणे, ताई, नागपूरवाली पागल आहे.'

मी रडले. ती रडली नाही. तिने शालीचं टोक माझ्या हातात दिलं आणि समोर बघत बसली. जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'तू तेवीसची होती न तवा?'

'हाव.'

'मी पंचवीसची.' एवढंच बोलली. त्या पुढे ती काय म्हणणार होती ते मी विचारलं नाही.

तिला बसमध्ये बसवताना मी म्हटलं, 'येऊ का कधी?'

'ये. पण फोन नको करू.'

मी महिन्यातून एकदा जाते. फोन न करता गेल्यामुळे कधी ती घरी नसते, मग मी दारातून परत येते. असली तर आम्ही शेंगा सोलतो, तिच्या गुडघ्यांचं बोलतो, जावयाच्या नोकरीचं बोलतो. कधी एकदम ती गप्प होते आणि तासभर बोलत नाही; मीही बसून राहते. राग गेला का, हे मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी गेले तर ती झोपली होती. लेक उठवायला निघाली, मी नको म्हटलं. मी मेथीची जुडी निवडून दिली, देठ काढून कागदात गुंडाळले, आणि दुपारच्या बसने घरी आले.